पाच रुपयांचा पेपर आणि दहा डोक्यांचा बॅनर

गणपतीला आठवडा उरला की माझ्या दुकानात उभं राहायला जागा नसते. कणकवली तालुक्यात, हायवेला लागून, फ्लेक्स छापायचं छोटं दुकान आहे माझं. एक मशीन, एक डिझायनर पोरगा आणि मी. त्या आठवड्यात मखरामागचे पडदे असतात, भजनी मंडळांचे बॅनर असतात आणि सगळ्यात जास्त असतं ते 'चाकरमान्यांचे हार्दिक स्वागत'. खारेपाटणपासून बांद्यापर्यंत चाकरमान्यांचं स्वागत कोण करत नाही ते विचारा. हायवेवरचे खड्डे तेवढे बिनफोटोचे असतात.

गेल्या गणपतीत एक तरुण आला. दहा फूट बाय आठ फूट, मजकूर एका ओळीचा, डोकी दहा. आमच्या धंद्यात डोक्यांची उतरंड ठरलेली आहे, ती चुकली तर बॅनर फुकट जातो आणि गिऱ्हाईकही. वरच्या पट्टीत दिल्ली-मुंबईचे नेते, गोल चौकटीत. त्याखाली जिल्ह्याचे, थोडे मोठे, कारण ते उद्या रस्त्याने जाताना बॅनर बघणार असतात. उजवीकडे कमरेपर्यंतचा, हात जोडलेला, पांढऱ्या शर्टातला फोटो, तो पैसे देणाऱ्याचा. अगदी तळाला पासपोर्ट साइझचे 'शुभेच्छुक'. गणपतीबाप्पा डाव्या कोपऱ्यात, लग्नपत्रिकेवर असतो तेवढा.

"माझो फोटो जरा मोठो कर," तो म्हणाला, "पण सायबांपेक्षा मोठो दिसाक नको."

अर्धा तास आम्ही सेंटीमीटर-सेंटीमीटर सरकवत होतो. पैसे मोजताना त्याने विचारलं, "हाच मजकूर पेपराकय दिलंय. मगे बातमी येतली मां?"

मला हसू आलं. दुकान टाकायच्या आधी नऊ वर्षं मी एका दैनिकाचा तालुका वार्ताहर होतो आणि हाच प्रश्न लोक मला तेव्हाही विचारायचे. जाहिरात, बातमी आणि राजकारण यांच्यातला व्यवहार दिल्लीच्या पातळीवर बघायला गेलं तर डोकं गरगरतं. तालुक्याच्या गावी मात्र जाहिरात देणारा, बातमी लिहिणारा आणि निवडणूक लढवणारा एकाच हॉटेलात चहा पितात. म्हणून इथूनच बघू.

आधी पेपरचा हिशेब

समजा पेपर पाच रुपयांना मिळतो. कागद (त्यातला मोठा हिस्सा परदेशातून येतो), शाई, छपाई, रात्रीच्या गाडीचं डिझेल आणि माणसांचे पगार धरून एका अंकाला पंधरा रुपये पडतात असं मानू. आकडे हिशेब समजावा म्हणून घेतलेत, प्रत्येक पेपरचे वेगळे असतात, पण तऱ्हा हीच. पाचातलेही काही एजंटचे, काही सकाळी घरोघरी टाकणाऱ्या पोराचे. मालकाच्या हातात साडेतीन येतात. म्हणजे दर अंकामागे साडेअकरा रुपयांचा खड्डा. खप वाढला की खड्डाही वाढतो. बाजारातल्या मासळीवालीला सांगून बघा की अमुक एक धंदा जास्त विकला की जास्त तोट्यात जातो. ती तुमच्याकडे दयेने बघेल.

हा खड्डा जाहिरात भरते. मालक तुम्हाला पेपर विकतो तो खर्चाखाली, आणि तुम्ही तो वाचता ही गोष्ट जाहिरातदाराला नफ्यात विकतो. यात कुणी कुणाला फसवत नाही. याच व्यवस्थेमुळे गरीब घरातही पेपर येतो. महिन्याचा गठ्ठा रद्दीत घातला की पाचातले थोडे परतही मिळतात.

पण जाहिरातदार कोण, यावर पुढचं सगळं ठरतं. मुंबई-पुण्याच्या पेपरला मोटारी, फ्लॅट, सोनं, मोबाइल असे शेकडो जाहिरातदार असतात. एक रुसला तर दुसरा असतो. आमच्या जिल्ह्याच्या पानाचं तसं नाही. इथे येतात त्या वकिलांच्या 'जाहीर नोटिसा' (कोकणात त्यांना मरण नाही, कारण एकेका सातबारावर चाळीस नावं आणि त्यातली तीस मुंबईत), नगरपंचायतीच्या निविदा, पतसंस्थांच्या ठेव योजना, शाळा-कॉलेजांचे प्रवेश, दिवाळीला सराफ, निधनवार्ता आणि वाढदिवस. वाढदिवसाची अर्ध्या पानाची रंगीत जाहिरात हा इथला हापूस. पतसंस्थेचा चेअरमन, शिक्षणसंस्थेचा अध्यक्ष, रस्त्याचा ठेकेदार आणि पक्षाचा तालुकाप्रमुख अशी चार गिऱ्हाइकं मोजावीत, तर पुष्कळदा तो एकच माणूस निघतो. एकाला दुखवलं की चार जाहिराती गेल्या.

जाहिरातीची जागा कॉलम सेंटीमीटरवर मोजतात. किती कॉलम रुंद, किती सेंटीमीटर उंच, गुणिले दर. पहिल्या पानाला जादा, रंगाला जादा. बातमीची जागा कुणी असं मोजत नाही, पण ती त्याच पानातून जाते. जाहिरात उशिरा आली की सगळ्यात आधी कापली जाते ती तालुक्याची बातमी. मोठ्या पेपरात हे रात्रपाळीचा उपसंपादक ठरवतो, त्यात राजकारण असेलच असं नाही, पुष्कळदा नुसती घाई असते.

सरकार नावाचं गिऱ्हाईक

छोट्या पेपरचं सगळ्यात मोठं आणि बहुधा सगळ्यात उशिरा पैसे देणारं गिऱ्हाईक म्हणजे सरकार. केंद्राच्या जाहिराती ज्या खात्यामार्फत येतात त्याला जुने लोक अजून डीएव्हीपीच म्हणतात. १९५५ साली सुरू झालेलं हे खातं २०१७ मध्ये आणखी दोन खात्यांसोबत एकत्र होऊन बीओसी झालं, आता त्याचं नाव केंद्रीय संचार ब्यूरो. राज्याचं काम माहिती व जनसंपर्क महासंचालनालय बघतं आणि जिल्ह्यात त्याचं जिल्हा माहिती कार्यालय असतं.

जाहिरात हवी तर पेपर आधी 'यादीवर' यावा लागतो. यादीवर यायला तो नियमित निघालेला हवा आणि खप दाखवता यायला हवा, कारण दर खपावर ठरतो. केंद्राच्या हिशेबात २५ हजार प्रतींपर्यंतचा पेपर लहान, ७५ हजारांपर्यंत मध्यम, त्यापुढे मोठा. तेव्हा कागदावर खप फुगवण्यात कुणाचं हित आहे ते सांगायला नको. काही अंक छापखान्यातून वाचकाला न भेटताच रद्दीत जातात असं धंद्यात विनोदाने म्हणतात. तो विनोदच आहे असं मीही म्हणत आलोय.

सरकारने जाहिराती देण्यात मुळात वावगं काही नाही. जून २०२० मध्ये 'निसर्ग' चक्रीवादळ आलं, मे २०२१ मध्ये 'तौक्ते' आलं, तेव्हा बोटी कधी बंदरात आणायच्या, पंचनाम्याला कोणते कागद लागतात, हे लोकांना कळायलाच हवं होतं. घोळ होतो तो सूचना संपून स्तुती सुरू होते तिथे. योजनेची माहिती दोन ओळी, योजना आणणाऱ्याचा चेहरा अर्धं पान. यावर सर्वोच्च न्यायालयाने १३ मे २०१५ रोजी निकाल दिला. सरकारी जाहिरातीत पक्षाचं नाव नको, चिन्ह नको, झेंडा नको, आणि फोटो फक्त राष्ट्रपती, पंतप्रधान आणि सरन्यायाधीश यांचे. राज्यांना हे मानवणारं नव्हतं. फेरविचाराच्या अर्जांवर मार्च २०१६ मध्ये न्यायालयाने राज्यपाल, मुख्यमंत्री आणि मंत्र्यांच्या फोटोंना वाट करून दिली. म्हणजे पुन्हा डोक्यांची उतरंड आलीच, माझ्या दुकानातल्यासारखी. फरक इतकाच की माझ्याकडे डोकी वाढवायचे पैसे ज्याचे त्याला द्यावे लागतात.

आता दाबाचं. लोकांना वाटतं मंत्रालयातून फोन येतो, 'ही बातमी छापू नका'. माझ्या नऊ वर्षांत असा फोन आल्याचं मला ठाऊक नाही. बिल थांबतं. पुढची जाहिरात शेजारच्या पेपरात दिसते. मालक शहाणा असतो, त्याला कळतं. मग संपादकाला कळतं. मग उपसंपादक न सांगता काही शब्द वापरायचं सोडतो. वार्ताहरापर्यंत येता येता आदेशाचं रूपांतर सवयीत झालेलं असतं आणि सवयीविरुद्ध कुणाकडे तक्रार करणार?

राजकारण्याला एवढंही करायचं नसेल तर तो स्वतःचा पेपर काढतो. महाराष्ट्रात ते लपूनछपून होत नाही. शिवसेनेने १९८८ मध्ये 'सामना' काढलं. नारायण राणेंनी २००८ मध्ये 'प्रहार' सुरू केलं. अशा पेपरचा एक फायदा मी प्रामाणिकपणे मान्य करतो: मालक कोण हे वाचकाला माहीत असतं, तो त्या हिशेबाने सावधपणे वाचतो. ज्याच्या मालकाचा दुसरा धंदा वाचकाला माहीत नसतो, तो पेपर वाचायला जास्त अवघड. अर्थात नाव शोधायचंच असेल तर शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात मालक, मुद्रक, प्रकाशक छापलेले असतात. १८६७ च्या कायद्याने ते बंधनकारक होतं, त्या कायद्याची जागा आता २०२३ च्या नव्या कायद्याने घेतली. किती जण तिथपर्यंत वाचतात देव जाणे.

वार्ताहराच्या खिशात काय असतं

हे कुणी सांगत नाही म्हणून जरा सविस्तर सांगतो. तालुका वार्ताहराला पगार नसतो. मला मानधन मिळायचं, त्यात मोटारसायकलच्या पेट्रोलचे पैसे सुटायचे नाहीत. कमाई जाहिरातीच्या कमिशनवर. दिवाळी, पेपरचा वर्धापनदिन, १५ ऑगस्ट, २६ जानेवारी आणि नेत्यांचे वाढदिवस ह्या आमच्या सुगीच्या तारखा. मुख्य कार्यालयातून टार्गेट यायचं, अमुक पुरवणीला इतक्या हजारांच्या जाहिराती. सकाळी ज्या रस्त्याच्या भेगांचा फोटो काढला त्या रस्त्याच्या ठेकेदाराकडे संध्याकाळी पुरवणीचं पुस्तक घेऊन जायचं. तो चहा मागवायचा. भेगांचा विषय दोघंही काढायचो नाही.

एका ऑगस्टात आमच्या शेजारच्या वाडीतला साकव, म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल, एका बाजूने बसला. बांधून दीड वर्ष झालं होतं. पोरं शाळेत जायला दोन किलोमीटरचा वळसा घालायला लागली. मी भर पावसात जाऊन फोटो काढले, खचलेल्या खांबाचा जवळून, आणि दप्तरं डोक्यावर घेऊन पाण्यातून जाणाऱ्या दोन पोरींचा. बातमी पाठवली. दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशी नाही. कार्यालयात फोन केला तर डेस्कवरचा म्हणाला, "जागा नव्हती रे." चौथ्या दिवशी पाचव्या पानावर अर्ध्या पानाची रंगीत जाहिरात होती, साकव बांधणाऱ्या ठेकेदाराच्या वाढदिवसाची. शुभेच्छुकांत वळसा घालणाऱ्या वाडीतलीही चार नावं.

ती जाहिरात मीच आणली होती, दोन आठवड्यांपूर्वी. तिचं कमिशन मी घेतलं.

तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात बसलीय. छापून आलेल्या जाहिरातीवर सगळे बोलतात, ती दिसते म्हणून. तिच्यामुळे न छापलेली बातमी कुणाला दिसत नाही. आणि ह्या विषयावरचे आपल्याकडचे जवळपास सगळे कायदे छापलेल्या गोष्टींबद्दल आहेत.

पॅकेज

निवडणूक आली की चित्र उलटं होतं. एरवी पैसे देऊन बातमी थांबते, आता पैसे देऊन बातमी येते. इंग्रजी पेपरांनी त्याला 'पेड न्यूज' नाव दिलं. आमच्यात शब्द होता पॅकेज. इतक्या दिवसांत इतक्या बातम्या, दोन मुलाखती, एक 'विजयाकडे घोडदौड', सभेचा एक चार कॉलमी फोटो. वरचं पॅकेज घेतलं तर विरोधकाच्या सभेची बातमी आतल्या पानात.

मग उमेदवार सरळ जाहिरातच का देत नाही? दोन कारणं. पहिलं साधं आहे: जाहिरातीवर वाचकाचा विश्वास नसतो, बातमीवर असतो. एकाच पेपरात एकाच दिवशी शेजारी शेजारी दोन उमेदवार 'प्रचंड मतांनी' निवडून येताना मी पाहिलेत, तरी लोक बातमीवर विश्वास ठेवतात. दुसरं कारण खर्चाचं. विधानसभेच्या उमेदवाराला आपल्याकडे ४० लाख आणि लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाख एवढीच खर्चाची मुभा आहे, २०२२ पासून. जाहिरात दिली की ती खर्चाच्या वहीत चढते. पॅकेज रोखीत, पावती नाही, वहीत नाही. ही मर्यादा उमेदवाराला आहे, पक्षाला मात्र कसलीच मर्यादा नाही, हेही लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

२००९ च्या निवडणुकांत हा प्रकार इतका उघड झाला, महाराष्ट्रातही, की प्रेस कौन्सिलने उपसमिती नेमली. परंजय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांनी ७१ पानांचा अहवाल दिला, पेपरांची नावं घेऊन. कौन्सिलने २०१० मध्ये तो जसाच्या तसा प्रसिद्ध न करता आटोपशीर अहवाल काढला. मूळ ७१ पानं २०११ मध्ये केंद्रीय माहिती आयोगाने सांगितल्यावर बाहेर आली. पेपरांनीच पेपरांबद्दलची बातमी दाबली, असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. कौन्सिलच्या हातात तरी काय आहे? समज देणं, ताशेरे ओढणं. दंड करता येत नाही, आणि टीव्ही तर तिच्या कक्षेतच नाही.

दात थोडे आहेत ते निवडणूक आयोगाला. जिल्ह्याजिल्ह्यात 'माध्यम प्रमाणन व सनियंत्रण समिती' असते, तिला सगळे एमसीएमसी म्हणतात. तिथली माणसं रोज पेपर चाळतात, चॅनल बघतात. बातमी संशयास्पद वाटली तर ती छापल्यापासून ९६ तासांच्या आत निवडणूक निर्णय अधिकारी उमेदवाराला नोटीस काढतो, उमेदवाराने ४८ तासांत उत्तर द्यायचं. पेड न्यूज ठरली तर सरकारी जाहिरात दराने तिची किंमत काढून खर्चात धरतात. खर्च लपवल्याचं सिद्ध झालं तर तीन वर्षं निवडणूक लढवायला बंदी. उत्तर प्रदेशातल्या बिसौलीच्या आमदार उमलेश यादव यांना ऑक्टोबर २०११ मध्ये याच कारणावरून अपात्र ठरवलं गेलं. पैसे देऊन बातमी छापून आणणं हा स्वतंत्र निवडणूक गुन्हा करा, अशी शिफारस आयोगाने केली, विधी आयोगाने २०१५ मध्ये केली. कायदा तसा झालेला नाही. आजही सापडतो तो बातमी विकत घेतली म्हणून सापडत नाही, हिशेबात दाखवली नाही म्हणून सापडतो.

संशयास्पद बातमी ओळखायची कशी? दोन पेपरांत शब्द न् शब्द सारखा मजकूर असला की ओळखा. वार्ताहराचं नाव नाही, विरोधी बाजूचं एक वाक्य नाही, आणि 'तरुणांचे आशास्थान' आहे, तर ओळखा. एरवीच्या दिवसांत बातमीच्या शेवटी किंवा सुरुवातीला कंसात 'वा. प्र.' दिसलं तर ते वार्ताहर प्रतिनिधीचं नाही, वाणिज्य प्रतिनिधीचं आहे. म्हणजे बहुधा जागेचे पैसे मिळालेत. निदान तेवढं तरी लिहिलं याबद्दल मी त्यांचे आभार मानतो.

माझ्या काउंटरवरचा कायदा

आचारसंहिता लागली की तहसील कार्यालयात छापखानेवाल्यांची बैठक होते. चहा, बिस्कीट आणि लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२७-अ. निवडणुकीचं पत्रक किंवा पोस्टर छापलं तर त्यावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता हवाच. छापून घेणाऱ्याने आपण कोण हे लिहून द्यायचं, त्याला ओळखणाऱ्या दोघांच्या सह्या. ते आणि छापलेली प्रत, शिवाय किती छापलं, किती पैसे घेतले, हे मी कळवायचं. चुकलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

ह्या दिवसांत गिऱ्हाईक चतुर होतं. "उमेदवाराचा नाव नको," सांगतं, "फकस्त पक्षाचा आणि मोठ्या सायबाचा घाल." का ते आता तुम्हाला कळेल. उमेदवाराचं नाव किंवा फोटो आला की बॅनर त्याच्या ४० लाखांत. नुसता पक्षाचा प्रचार असला की पक्षाच्या खात्यात, जिथे मर्यादा नाही. दहाची तीन डोकी होतात. माझ्या मशीनला काय, शाई तेवढीच लागते.

टीव्हीचं थोडक्यात. केबल टीव्हीच्या १९९४ च्या नियमांनुसार राजकीय जाहिरात चालतच नव्हती. प्रकरण न्यायालयात गेलं आणि सर्वोच्च न्यायालयाच्या १३ एप्रिल २००४ च्या आदेशाने वाट निघाली: आधी समितीकडून प्रमाणित करून घ्या, मग दाखवा. आता सोशल मीडियावरच्या जाहिराती, एकगठ्ठा मेसेज यांनाही तेच लागू आहे. मतदान संपायच्या आधीचे ४८ तास टीव्हीवर आणि सिनेमागृहात प्रचार बंद. पेपरला ती बंदी नाही, मतदानाच्या दिवशी आणि आदल्या दिवशी जाहिरात छापायची तर ती प्रमाणित हवी, एवढंच. त्या दोन दिवसांत पहिलं पान का रंगतं ते यावरून समजा. आमच्या रत्नागिरी आकाशवाणीवर ज्यांची भाषणं कुणी मन लावून ऐकत नाही, त्या मान्यताप्राप्त पक्षांना मिळणारी वेळ मात्र फुकट असते, १९९८ पासून.

मोबाइलमधला नाका

आता बॅनर लावायला नाका लागत नाही. फेसबुकवर 'कणकवली आणि वीस किलोमीटर' असं निवडून जाहिरात लावता येते, वय निवडता येतं. यात एक चांगली गोष्ट झालीय: २०१९ पासून राजकीय जाहिरातीखाली पैसे कोणी भरले ते नाव येतं आणि फेसबुकच्या अ‍ॅड लायब्ररीत ती जाहिरात, अंदाजे किती खर्च, कुठल्या राज्यात दिसली, हे कुणालाही बघता येतं. गुगलचंही तसंच आहे. एका संध्याकाळी बसून बघा, मला त्यात फार रस वाटला. नेत्याच्या किंवा पक्षाच्या नावाचा पत्ता नसलेली, 'अमुकचा विकास' छापाची पानं जास्त खर्च करताना दिसतात. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर फिरणाऱ्या गोष्टीला मात्र अशी लायब्ररी नाही. वाडीचा ग्रुप, भजनाचा ग्रुप, आंबा बागायतदारांचा ग्रुप, आणि प्रत्येकात एक जण 'फॉरवर्डेड' पाठवणारा. तालुक्यात यूट्यूब चॅनलवाले बूम (माइक) घेऊन फिरतात. त्यांनाही पगार नाही. माझीच गोष्ट, फक्त कागद नाही.

कोकणातला सगळ्यात बोलका प्रसंग रिफायनरीचा. राजापूर तालुक्यातल्या नाणारच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पाला शिवसेनेने विरोध केला, मार्च २०१९ मध्ये भूसंपादन रद्द झालं. फेब्रुवारी २०२० मध्ये 'सामना'तच रिफायनरीचे फायदे सांगणारी जाहिरात आली. पक्षाचा पेपर, पक्षाचा विरोध आणि पेपरात समर्थनाची जाहिरात. तेव्हा मुख्यमंत्री असलेले उद्धव ठाकरे कोकण दौऱ्यावर होते, जाहिरातीवरून पक्षाची भूमिका ठरत नाही असा खुलासा त्यांना करावा लागला. लोकांनी चेष्टा केली, पण मला वाटतं त्यात वाचकाचा फायदाच झाला. जाहिरात विभाग आणि संपादकीय विभाग दोन वेगळ्या खोल्यांत बसतात हे राज्याला एका दिवसात कळलं. बाकी पेपरांत त्या खोल्यांमधली भिंत केव्हाच पडलीय, आणि ते कळतही नाही.

पुढे प्रकल्प त्याच तालुक्यातल्या बारसूकडे सरकला. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी राजापुरात पत्रकार शशिकांत वारिशे यांच्या दुचाकीवर गाडी घातली गेली. दुसऱ्या दिवशी ते गेले. पोलिसांनी खुनाचा गुन्हा दाखल केला. घटनेच्याच दिवशी त्यांची बातमी छापून आली होती, आणि ती होती एका बॅनरबद्दल: रिफायनरीचं समर्थन करणाऱ्या एका माणसाचा फोटो पंतप्रधान, मुख्यमंत्री आणि उपमुख्यमंत्र्यांच्या फोटोंसोबत कसा झळकतोय याबद्दल. त्या आठवड्यात मशीनवर बॅनर निघत होते आणि मी त्यावरची डोकी मोजत होतो. अशी बातमी मी नऊ वर्षांत एकदाही पाठवली नव्हती.

आमच्या इथून पोंभुर्ले फार लांब नाही, देवगड तालुक्यातलं. बाळशास्त्री जांभेकरांचं गाव. ६ जानेवारी १८३२ ला त्यांनी 'दर्पण' काढलं, म्हणून तो दिवस पत्रकार दिन. दर वर्षी तालुक्यातालुक्यात सत्कार होतात, शाल, श्रीफळ, जेवण. मीही जायचो. जेवण कुणाकडून, हे बॅनरवर तळाला लिहिलेलं असायचं. आता तो बॅनर मी छापतो.

त्या तरुणाची बातमी आली का, हे राहिलंच. आली. दोन कॉलम, फोटोसकट, जाहिरातीच्या शेजारच्याच पानावर. त्याने ती लॅमिनेट करून घेतली, माझ्याकडेच. बॅनर अनंत चतुर्दशीनंतर नगरपंचायतीच्या माणसांनी उतरवला आणि नाक्यावरच्या भिंतीला टेकवून ठेवला. मे महिन्यात आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, लाकडं रचायची वेळ आली तेव्हा शेजारच्या काकी तो घेऊन गेल्या. फ्लेक्स चांगला जाड, पाणी जात नाही. जूनच्या पहिल्या पावसात मी बघायला गेलो. लाकडांच्या ढिगावर दिल्ली-मुंबईचे नेते उलटे, मधे हात जोडलेला पांढरा शर्ट, त्यावरून पाणी ओघळतंय. गणपतीवर पाय पडू नये म्हणून काकींनी तो कोपरा कापून देवघरात नेला होता.

"बरो आसा," त्या म्हणाल्या, "पण पुढच्या वेळेक तेका बारा फुटी काढूक सांग. ह्या बाजूची लाकडां भिजतत."